कोटा रात्री दोन वाजता पूर्ण होतो

प्रति,
युरोपीय आयोग, ब्रुसेल्स
आणि युरोपीय माध्यम सेवा मंडळाचे सर्व सदस्य

सादर नमस्कार.

आपल्या संघाच्या २४ अधिकृत भाषा आहेत आणि त्यांत मराठी नाही. तेव्हा हे पत्र कोणाच्या टेबलावर टाकायचं यावरून आपल्याकडे थोडी धांदल होईल. होऊ द्या. टीव्हीवरच्या युरोपीय कार्यक्रमांच्या कोट्याच्या ज्या नियमाबद्दल मी लिहिते आहे तो १९८९ सालचा आहे आणि त्याची अंमलबजावणी अजून नीट सुरू व्हायची आहे. भाषांतराला चार दिवस जास्त लागले तर काही बिघडत नाही.

मी नेदरलँड्समध्ये राहते, इथेच कर भरते, आणि टीव्ही वाहिन्यांच्या शेड्युलिंगमध्ये बरीच वर्षं काम केलं आहे. कुठला कार्यक्रम कोणत्या वारी किती वाजता लागणार, ब्रेक कुठे पडणार, रिपीट कधी फिरवायचा, हे जिथे ठरतं त्या टेबलावर. दृक्‌श्राव्य माध्यम सेवा निर्देशाचं मूल्यमापन आपल्याला १९ डिसेंबर २०२६ पर्यंत संसदेपुढे ठेवायचं आहे. त्यात व्हिडिओ प्लॅटफॉर्म, मुलांची सुरक्षा, इन्फ्लुएन्सर, जाहिराती असे मोठमोठे विषय असतील. कोट्याच्या कलम १६ च्या वाट्याला नेहमीप्रमाणे दोन परिच्छेद आणि एक सरासरी येईल. माझी तक्रार त्या सरासरीविरुद्ध आहे.

हे पत्र मराठी वाचकही वाचणार आहेत, म्हणून आधी नियम काय तो सांगते. ३ ऑक्टोबर १९८९ रोजी त्या वेळच्या युरोपीय समुदायाने ‘सीमाविरहित दूरचित्रवाणी’ नावाचा निर्देश, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यांत उतरवायचा नियम, संमत केला. त्यातलं कलम ४, जे आजच्या दृक्‌श्राव्य माध्यम सेवा निर्देशात कलम १६ म्हणून ओळखलं जातं, असं सांगतं की सदस्य देशांनी आपापल्या वाहिन्यांकडून प्रक्षेपणाचा निम्म्याहून जास्त वेळ युरोपीय कार्यक्रमांसाठी राखून घ्यावा. वेळ मोजताना बातम्या, खेळांचे सामने, गेम शो, जाहिराती, टेलिटेक्स्ट आणि टेलिशॉपिंग वगळायचं. पुढचं कलम स्वतंत्र निर्मात्यांसाठी वेळेचा किंवा कार्यक्रमांच्या बजेटचा किमान १० टक्के वाटा मागतं, आणि त्यातलाही पुरेसा भाग गेल्या पाच वर्षांत बनलेल्या कामांना द्यायला सांगतं.

हे का करावं लागलं ते १९८० च्या दशकात युरोपात टीव्ही पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. एका देशात दोन-तीन सरकारी वाहिन्या असत, तिथे खासगी वाहिन्या आल्या, केबल आली, उपग्रह आले. दिवसाचे तास भरायचे होते आणि भरायला माल नव्हता. अमेरिकन मालिकांचा खर्च अमेरिकेतच वसूल झालेला असे, त्यामुळे बाहेर त्या मिळेल त्या भावाला विकता येत. एक तासाची मालिका स्वतः बनवायची तर लागणारा पैसा आणि तयार अमेरिकन तासाचा भाव यांत इतकं अंतर होतं, आजही आहे, की कुठलाही हिशेबनीस दुसऱ्या बाजूलाच झुकेल. त्याचं संस्कृतीशी वैर नसतं. त्याला फक्त बेरीज येते. म्हणून ती बेरीज बदलण्यासाठी कायदा हवा होता, आणि तो हवा होता असं मला आजही वाटतं. हे आधीच स्पष्ट केलेलं बरं, कारण कोट्यावर टीका करणाऱ्याला कोट्याचा शत्रू समजण्याची आपल्याकडे पद्धत आहे.

गोम अशी की कलमाच्या तोंडाशीच एक वाट मोकळी ठेवली गेली. सदस्य देशांनी हे सगळं ‘जिथे शक्य असेल तिथे आणि योग्य त्या मार्गांनी’ करायचं आहे. फ्रान्सला कडक कोटा हवा होता, ब्रिटनला कोटाच नको होता, आणि अमेरिकेच्या प्रतिनिधी सभेने त्याच महिन्यात एकही विरोधी मत न पडता या निर्देशाचा निषेध केला. या ओढाताणीतून हे शब्द आले. एवढ्यावर भागलं नाही म्हणून मंत्रिपरिषदेच्या इतिवृत्तात अशीही नोंद झाली की ही बांधिलकी राजकीय आहे. राजकीय म्हणजे न्यायालयात न्यायची नाही. जन्माच्या वेळीच ज्या नियमाच्या कुंडलीत हे लिहिलं गेलं, त्याच्याकडून काय अपेक्षा करायची?

तरी एकदा अपेक्षा केली होती, आणि ती आपणच केली होती. १९९५ मध्ये निर्देशाची दुरुस्ती सुचवताना ‘जिथे शक्य असेल तिथे’ हे शब्द काढून टाका आणि त्या बदल्यात कोट्याला दहा वर्षांची मुदत घाला, असा प्रस्ताव आयोगाने ठेवला होता. नियम कडक, पण कायमचा नाही. मला तो आजही सगळ्यांत प्रामाणिक तोडगा वाटतो. संसदेने १९९६ च्या पहिल्या वाचनात शब्द काढायला मान्यता दिली. दुसऱ्या वाचनात आवश्यक बहुमत जमलं नाही. १९९७ चा सुधारित निर्देश आला तो जुन्याच शब्दांसह. २००७ ची दुरुस्ती झाली, २०१० चं संहितीकरण झालं, २०१८ ची दुरुस्ती झाली. शब्द जागेवरच आहेत.

आता शेड्युलिंगच्या टेबलावर या.

निर्देशाच्या दृष्टीने दिवसाचे सगळे तास सारखे असतात. रात्री नऊचा तास आणि पहाटे तीनचा तास, दोन्ही साठ मिनिटांचे. कार्यक्रम पहिल्यांदा लागला काय आणि अकराव्यांदा लागला काय, मिनिटं पुन्हा मोजली जातात. टेबलावर बसलेल्या माणसाच्या तक्त्यात एक रकाना युरोपीय मिनिटांचा असतो आणि दुसरा बाकीच्यांचा. संध्याकाळचे तास महाग, कारण जाहिरातदार तिथे येतो. तिथे अमेरिकन चित्रपट, अमेरिकन मालिका. वर्षाच्या उत्तरार्धात कोणीतरी बेरीज काढतं, युरोपीय रकाना कमी भरतो, आणि मग परीक्षेच्या आदल्या रात्री जर्नल पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यासारखी सगळ्यांची लगबग सुरू होते. रात्री दोनपासून सकाळी सहापर्यंत घरं सजवण्याचे जुने कार्यक्रम, स्वयंपाकाचे जुने कार्यक्रम, आगगाड्यांवरचे ब्रिटिश माहितीपट लागतात. तीच मालिका, तेच भाग, पुन्हा. हे बघायला कोण असतं? झोप न येणारी माणसं आणि तान्ह्या बाळांच्या आया. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण युरोपचं सांस्कृतिक वैविध्य त्यांच्या एकट्यांच्या खांद्यावर का?

वर्षाअखेरीस आकडा पन्नासच्या वर जातो, निवेदनावर सही होते, निवेदन नियामकाकडे जातं, नियामकाकडून सरकारकडे आणि सरकारकडून आपल्याकडे. यात कोणी खोटं बोललेलं नसतं. मी पाहिलेल्या माणसांपैकी कोणीही लबाड नव्हतं. नियम जे मागत होता ते त्यांनी काटेकोरपणे दिलं. म्हणूनच मी हे पत्र वाहिन्यांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

बरं, एखादी वाहिनी पन्नासच्या जवळपासही फिरकली नाही तर? त्याचं उत्तर न्यायालयाने १९९७ मध्येच दिलं आहे. ब्रिटनमधून एक अमेरिकन जुळी वाहिनी युरोपभर दिसू लागली होती: दिवसा कार्टून, रात्री जुने हॉलिवूड चित्रपट. बेल्जियमने तिला ब्रुसेल्सच्या केबलवरून दाखवायला बंदी घातली, कारण एवढ्या मालात युरोपीय वाटा कुठून येणार? केबल कंपनीच्या प्रमुखावर खटला भरला गेला आणि प्रकरण लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयात पोहोचलं. डेनुई खटला या नावाने तो ओळखला जातो. न्यायालयाने सांगितलं की वाहिनी ज्या देशाच्या अखत्यारीत आहे त्याच देशाने तिचा कोटा तपासायचा. ज्या देशात ती दिसते त्या देशाला, कोटा पाळला नाही या कारणावरून, तिला अडवता येणार नाही. तक्रार असेल तर आयोगाकडे या, किंवा त्या देशावर थेट दावा लावा.

कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबरच होता. प्रत्येक देशाने शेजाऱ्याची वाहिनी तपासायची म्हटलं तर सीमाविरहित टीव्ही उरलाच नसता. पण व्यवहारात त्याचा अर्थ असा झाला की वाहिनी आपला पहारेकरी स्वतः निवडू शकते. जिथून परवाना घ्यायचा तो देश तिच्या मर्जीचा, आणि परवाना देणाऱ्या देशाला त्यातून नोकऱ्या आणि कर मिळतात. आपल्या घरी आलेल्या पाहुण्यावर शेजाऱ्याच्या वतीने दंड कोण बसवेल? आणि शेजारी तरी दुसऱ्या सदस्य देशावर दावा कशाला लावेल? तसे दावे दुर्मीळ असतात, आणि कार्टूनच्या वेळापत्रकापायी कोणी राजनैतिक संबंध ताणत नाही. राहिला आयोग.

मी राहते तो देशही यात मागे नाही. ब्रेक्झिटनंतर लंडनच्या परवान्यावर युरोपात दिसणाऱ्या वाहिन्यांना संघातला एखादा देश शोधावा लागला आणि त्यांतल्या कित्येकींनी ॲम्स्टरडॅम निवडलं. इथल्या माध्यम कायद्यातही व्यापारी वाहिन्यांना निम्मा युरोपीय वाटा सक्तीचा आहे. मात्र विशेष परिस्थितीत, वाहिनीने अर्ज केला तर, नियामक काही काळापुरता तो वाटा कमी करू शकतो, पार १० टक्क्यांपर्यंत. यात बेकायदेशीर काही नाही, कारण निर्देश म्हणतोच ‘जिथे शक्य असेल तिथे’. वाहिनी नवी आहे, वाहिनी एकाच विषयाची आहे, वाहिनीची मूळ कंपनी युरोपबाहेरची असून तिला स्वतःच्याच गोदामातला माल वापरायचा आहे, ही कारणं आपल्याच अहवालांमध्ये वर्षानुवर्षं नोंदलेली आहेत. यातलं तिसरं कारण मला विशेष आवडतं. ज्या मालापासून वाचण्यासाठी नियम केला, तो माल भरपूर पडून आहे हेच सवलतीचं कारण.

आपण न्यायालयात जातच नाही असं नाही. २०१८ ची दुरुस्ती १९ सप्टेंबर २०२० पर्यंत राष्ट्रीय कायद्यांत उतरवायची होती. ती मुदत चुकवणाऱ्या २३ सदस्य देशांना आणि ब्रिटनला आपण दोनच महिन्यांत नोटिसा धाडल्या. मे २०२२ मध्ये चेकिया, आयर्लंड, रोमानिया, स्लोव्हाकिया आणि स्पेन यांना न्यायालयात खेचलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आयर्लंडला २५ लाख युरोंचा भुर्दंड बसला. म्हणजे हात आहेत आणि ते उगारताही येतात. पण हे सगळं कायदा कागदावर उतरवला नाही म्हणून. उतरवलेल्या कागदाप्रमाणे पडद्यावर काय दिसतं, यासाठी ते हात उगारलेले मी तरी पाहिले नाहीत.

आता सरासरी. २००९ आणि २०१० या वर्षांचा आपला अहवाल घ्या. संघभरातल्या वाहिन्यांवर युरोपीय कामांचा सरासरी वाटा सुमारे ६४ टक्के, स्वतंत्र निर्मात्यांचा सुमारे ३४ टक्के. दोन्ही आकडे नियमाच्या बरेच वर. अहवालाचा सूर समाधानाचा आहे आणि वरवर पाहता तो रास्तच वाटतो. फक्त तीन गोष्टी बघा. पहिली, हा अहवाल आला सप्टेंबर २०१२ मध्ये. टीव्हीच्या धंद्यात दोन वर्षांत वाहिनीचं नाव, मालक आणि रंग तिन्ही बदलतात. दुसरी, या ६४ टक्क्यांत काय काय बसतं. गेम शो वगळायचा, पण स्टुडिओतल्या गप्पा चालतात. एका बेटावर दहा जणांना कोंडून त्यांची भांडणं दाखवणारा रिअ‍ॅलिटी शो कित्येक देशांत युरोपीय कृती म्हणून मोजला जातो. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या वाट्याचा बहुतेक भाग ज्या त्या देशाच्याच मालाचा असतो. डच वाहिनीवर डच, इटालियन वाहिनीवर इटालियन. दुसऱ्या युरोपीय देशाच्या कामाला मिळणारी जागा फार थोडी, आणि त्यातही इंग्रजीला झुकतं माप. पोलंडची चांगली मालिका पोर्तुगालच्या घरात पोहोचावी हा जो मूळ हेतू होता, तो या सरासरीत कुठेच दिसत नाही.

ब्रिटिश मालाचा विषय निघालाच आहे तर तेही बोलून टाकते. २०२१ मध्ये संघाचा एक अंतर्गत कागद वृत्तपत्रांत फुटला. ब्रेक्झिटनंतरही ब्रिटिश कार्यक्रम युरोपीय म्हणून मोजले जातात आणि त्यांचं प्रमाण अवाजवी आहे, अशी चिंता त्यात होती. ते मोजले जातात कारण ब्रिटन युरोप परिषदेच्या १९८९ च्या सीमापार दूरचित्रवाणी करारात आहे, आणि तो करार संघाचा नाही. माझं मत विचाराल तर त्यांना हात लावू नका. पहाटे तीनला लागणारा आगगाड्यांचा माहितीपट ब्रिटिश आहे ही अडचण नाही. तो पहाटे तीनला लागतो, ही आहे.

फ्रान्सला हे पहिल्यापासून कळलं होतं. तिथल्या नियमांनी ६० टक्के युरोपीय आणि ४० टक्के मूळ फ्रेंच भाषेतली कामं असा कोटा ठेवला, आणि तो पूर्ण दिवसावर लावून न थांबता संध्याकाळच्या गर्दीच्या तासांनाही लावला. शिवाय ‘दृक्‌श्राव्य कृती’ म्हणजे काय हे बजावून सांगितलं: बातम्या, खेळ, गेम शो, नाचगाण्याचे कार्यक्रम, मुख्यतः स्टुडिओत होणाऱ्या गप्पा, यांतलं काही मोजायचं नाही. पाळलं नाही तर सुरुवातीच्या वर्षांत खासगी वाहिन्यांना दंडही झाले. फ्रेंच सरकारचं सगळंच मला पटतं असं नाही. नियम लिहिण्याची त्यांची हौस अशी आहे की वाचता वाचता कार्यक्रम संपून जावा. पण तास मोजायचा तर कोणता तास हे सांगावं लागतं, एवढं त्यांनी ओळखलं.

हे माझ्या स्वतःच्या राज्यालाही ओळखावं लागलं. महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांनी वर्षातले काही आठवडे मराठी चित्रपटांना द्यावेत हा नियम जुना आहे. मल्टिप्लेक्स आली तेव्हा त्यांनी मराठी चित्रपटाला जागा दिली ती सकाळच्या खेळाची, जेव्हा नोकरदार माणूस लोकलमध्ये लोंबकळत असतो. निर्मात्यांची ओरड झाली. एप्रिल २०१५ मध्ये तेव्हाचे सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावडे यांनी प्राइम टाइमला मराठी खेळ सक्तीचा असल्याची घोषणा केली. त्यावर समाजमाध्यमांवर टवाळी झाली, टवाळीवर मोर्चे झाले, मल्टिप्लेक्सवाल्यांशी बोलणी झाली आणि शेवटी प्राइम टाइम म्हणजे दुपारी १२ ते रात्री ९ असं ठरलं. आता दुपारी बारा हा प्राइम टाइम कोणाचा, हे विचारू नका. पण निदान सकाळचा खेळ दाखवून कोटा भरला असं म्हणायची सोय त्या दिवसापासून राहिली नाही. मराठी निर्माते आजही पडद्यांसाठी भांडतात, तेव्हा महाराष्ट्राचा दाखला आदर्श म्हणून देत नाही. भांडण कोणत्या वेळेसाठी आहे हे तिथल्या शासनाला उमगलं आणि ब्रुसेल्सला ते एवढ्या वर्षांत उमगू नये, याचं नवल वाटतं.

माझा यात काही स्वार्थ असेल असं वाटत असेल तर निर्देशाचंच प्रास्ताविक पाहा. जी वाहिनी पूर्णपणे सदस्य देशांच्या भाषांबाहेरच्या भाषेत चालते, तिला कलम १६ आणि १७ लागू नाहीत. युरोपात दिसणाऱ्या मराठी वाहिनीला एक मिनिटही युरोपीय कार्यक्रम दाखवायची सक्ती नाही. सासू-सुनांना निवांत भांडता येतं. उलट गंमत अशी की सदस्य देशाच्या भारताशी असलेल्या सहनिर्मिती कराराखाली एखादा चित्रपट बनला, त्याच्या खर्चाचा निम्म्याहून जास्त वाटा युरोपीय निर्मात्याने उचलला आणि सूत्रं युरोपबाहेर नसली, तर संवाद मराठीत असले तरी तो युरोपीय कृती ठरतो. भाषेची अटच नाही. मराठी वाहिनीला कोटा माफ, आणि मराठी सिनेमा एखाद्या फ्रेंच वाहिनीचा युरोपीय कोटा भरायला चालेल. ही व्याख्या उदार आहे आणि ती तशीच राहू द्या. उदार व्याख्येला कडक मोजणी परवडते, एवढंच म्हणते.

स्ट्रीमिंगबद्दल थोडक्यात. २०१८ च्या दुरुस्तीने मागणीनुसार सेवांच्या सूचीत ३० टक्के युरोपीय कामं आणि त्यांना ठळक स्थान सक्तीचं केलं. ३० टक्के कशाचे, हे आपल्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी ठरवलं: शीर्षकांचे. एक चित्रपट म्हणजे एक शीर्षक, मालिकेचा एक सीझन म्हणजे एक शीर्षक. कोट्यवधी युरो खर्चून केलेला सीझन एक, आणि कुठल्याशा गोदामातून ठोक भावात उचललेला जुना टीव्ही चित्रपटही एकच. पहाटे तीनची सोय इथे वेगळ्या रूपात परत आली. सूचीच्या तळाशी माल भरा, मुखपृष्ठावर काय हवं ते ठेवा. ‘ठळक स्थान’ म्हणजे किती याला आकडा नाही.

याउलट जिथे तासांऐवजी पैसा मागितला गेला तिथे चित्र बरं दिसतं. फ्रान्सने २०२१ पासून मोठ्या सेवांच्या तिथल्या उलाढालीचे २० ते २५ टक्के युरोपीय आणि फ्रेंच निर्मितीत गुंतवायला लावले. नेदरलँड्सने १ जानेवारी २०२४ पासून ५ टक्के मागितले. संघात नसलेल्या स्वित्झर्लंडने तर मे २०२२ मध्ये यावर सार्वमत घेतलं आणि ४ टक्क्यांच्या कायद्याला लोकांनी ५८ टक्के मतांनी कौल दिला. पैशाची पावती असते आणि पावती तपासता येते. म्हणून वाहिन्यांचा कोटा मोडीत काढून सगळं गुंतवणुकीवर न्यावं, असं म्हणणारेही आहेत. मला ते पटत नाही. गुंतवलेल्या पैशातून बनलेली मालिका कोणत्या तासाला लागेल, हा प्रश्न पैशाने सुटत नाही.

आपल्यावर दडपण आहे हे मला कळतं. फेब्रुवारी २०२५ च्या अमेरिकी अध्यक्षांच्या आदेशात स्ट्रीमिंग सेवांना स्थानिक निर्मितीसाठी पैसे द्यायला लावणाऱ्या परदेशी कायद्यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि मे २०२५ मध्ये परदेशी चित्रपटांवर १०० टक्के आयातशुल्काची घोषणा झाली. आपल्याला हे नवं नाही. डिसेंबर १९९३ मध्ये गॅट या जागतिक व्यापार कराराच्या उरुग्वे फेरीच्या वाटाघाटींत शेवटच्या रात्रीपर्यंत दृक्‌श्राव्य सेवांवर भांडण झालं आणि युरोप हटला नाही. पण तेव्हा एका तत्त्वासाठी भांडायचं होतं, आज एका तक्त्यासाठी. तक्ता कच्चा असेल तर वाटाघाटीच्या टेबलावर तो पहिल्यांदा सोडला जाईल, अशी भीती वाटते. ज्याचा परिणाम दाखवता येत नाही ते वाचवायचं कसं?

म्हणून मागणं मोठं नाही. निर्देश उद्या पुन्हा लिहा असं म्हणत नाही. त्याला पाच वर्षं लागतील आणि ‘जिथे शक्य असेल तिथे’ पुन्हा एकदा वाचेल. २०२६ च्या मूल्यमापनासाठी सदस्य देशांकडून वाहिनीवार आकडे मागवाच, पण ते तासांत फोडून मागवा: संध्याकाळी सहा ते अकरा किती, मध्यरात्री ते सहा किती. प्रत्येक शेड्युलिंग सॉफ्टवेअरमध्ये ही माहिती मिनिटापर्यंत पडलेली असते, ती काढायला एक दुपार पुरते. ज्यांना जास्त वेळ लागेल असं ते सांगतील, त्यांना मी शिकवायला तयार आहे. पहिलं प्रक्षेपण आणि पुनःप्रक्षेपण वेगळं दाखवा. स्वतःच्या देशाचा माल आणि दुसऱ्या युरोपीय देशाचा माल वेगळा दाखवा. आणि हे आकडे दोन वर्षांनी पीडीएफच्या परिशिष्टात न गाडता दरवर्षी, शोधता येतील असे, सगळ्यांसमोर ठेवा. दुसऱ्या देशातल्या स्वतंत्र निर्मात्याला आपल्या मालिकेसाठी कोणत्या वाहिनीचं दार ठोठवायचं ते त्यातून कळेल, आणि ज्या नियामकाच्या छत्राखाली सगळ्या सवलती जमा झाल्या आहेत त्याला निदान कारण द्यावं लागेल.

सवलत दिली तर तिला तारीख असावी. नवी वाहिनी किती वर्षं नवी राहते? आज अनेक ठिकाणी याचं उत्तर कोणी विचारत नाही, म्हणून कोणी देत नाही. माध्यम सेवा मंडळाच्या सदस्यांना, म्हणजे सगळ्या देशांच्या माध्यम नियामकांना, विनंती अशी की २०२५ पासून तुम्ही एकत्र बसता आहात, तर एकदा सगळ्या देशांनी दिलेल्या चालू सवलतींची यादी एका कागदावर मांडा: कोणाला, किती टक्क्यांपर्यंत, कधीपासून, कधीपर्यंत. शेवटचा रकाना किती जणांना भरता येतो ते पाहायला मी उत्सुक आहे.

हे जमत नसेल तर १९९५ चा आपलाच कागद कपाटातून काढा आणि कोट्याला मुदत घाला. दहा वर्षं कडक, मग रजा. मला ते आवडणार नाही, पण रात्री दोन वाजता भरल्या जाणाऱ्या रकान्यापेक्षा ते बरं.

कळावे,

आपली,
शेड्युलिंगच्या टेबलावरची एक मराठी करदाती
ॲमस्टेलवेन, नेदरलँड्स